पालघरची माहिती कोणत्या नावाखाली सापडते?

पालघर जिल्ह्याची २०११ सालची लोकसंख्या किती? बोईसरच्या एखाद्या महाविद्यालयात प्रकल्पासाठी हा प्रश्न दिला, तर मुलं लगेच फोन काढतील आणि जनगणनेच्या तक्त्यांत पालघर जिल्हा शोधू लागतील. तो तिथे मिळणार नाही. जिल्हा अस्तित्वात आला १ ऑगस्ट २०१४ रोजी. जनगणना झाली तेव्हा हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. म्हणून ठाणे जिल्ह्याची जनगणना पुस्तिका उघडायची, तिच्यातल्या पंधरा तालुक्यांतून पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ वेगळे काढायचे आणि बेरीज करायची. ती सुमारे ३० लाख भरते. पुढची जनगणना २०२१ मध्ये झालीच नाही, त्यामुळे त्यानंतरही हीच बेरीज वापरावी लागली.

मागे जावं तसा गुंता वाढतो. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा तेरावा खंड ठाणे जिल्ह्यावर आहे; तो १८८२ मध्ये निघाला. आजच्या पालघर तालुक्याचा तपशील त्यात आहे, पण माहीम तालुका म्हणून, कारण तेव्हा तालुक्याचं ठाणं केळवे-माहीमला होतं. ज्याला हे ठाऊक नाही तो ‘पालघर’ शोधतो आणि काही नाही असं समजून खंड मिटतो. ज्याला अर्धवट ठाऊक आहे तो ‘माहीम’ शोधतो आणि मुंबईच्या माहीममध्ये जाऊन पोचतो.

तारापूरचंही तसंच. औद्योगिक वसाहत तारापूरची म्हणून ओळखली जाते, पण तिची रोजची वर्दळ बोईसर स्थानकावर उतरते. बोईसरच्या हवा-पाण्याबद्दल वाचायचं असेल तर शोध ‘तारापूर’ या नावाने घ्यावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या शंभर औद्योगिक क्षेत्रांचं मूल्यमापन केलं. त्यात सर्वांत वाईट निर्देशांक, ९३.६९, तारापूरचा होता. त्या अहवालात बोईसर शोधणाऱ्याच्या हाती फारसं लागत नाही. राष्ट्रीय हरित लवादापुढचा प्रदूषणाचा गाजलेला खटला हवा असेल, तर त्याच्या शीर्षकात बोईसरही नाही आणि तारापूरही नाही. समुद्रात आणि खाडीत जाणाऱ्या सांडपाण्याविरुद्ध मच्छीमार समाजाची संघटना लवादाकडे गेली होती, म्हणून तो खटला ‘अखिल भारतीय मांगेला समाज परिषद’ या नावाने नोंदला गेला. त्याचा निकाल जानेवारी २०२२ मध्ये लागला. शिवाय तारापूर नावाची गावं गुजरातेत आहेत, बिहारातही आहेत. बिहारच्या तारापूरमध्ये फेब्रुवारी १९३२ मध्ये मोठा गोळीबार झाला होता, त्यामुळे ‘तारापूर स्वातंत्र्यलढा’ असं टाकलं की बोईसरची मुलगी थेट मुंगेर जिल्ह्यात जाते.

यातली बहुतेक कागदपत्रं आज खुली आहेत, पैसे न भरता वाचता येतात. अडतं ते एवढ्यावरच, की शोधणाऱ्याच्या मनातलं नाव आणि नोंदीवरचं नाव एक नसतं. या दोन नावांची गाठ घालून देणारा माणूस म्हणजे संदर्भ ग्रंथपाल. जगातल्या बऱ्याच ग्रंथालयांत हा माणूस आता पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकटीत भेटतो. ‘ग्रंथपालांना विचारा’ असं तिच्यावर लिहिलेलं असतं. तिच्यात प्रश्न टाकला की पलीकडून एक प्रशिक्षित माणूस टंकून उत्तर देतो.

पालघरसारख्या जिल्ह्याला या सोयीची गरज मुंबई-पुण्याहून जास्त आहे. इथल्या महाविद्यालयांचं विद्यापीठ मुंबईचं. त्याची मोठी ग्रंथालयं कलिन्याला आणि फोर्टमध्ये राजाबाई टॉवरच्या इमारतीत. एप्रिल २०१३ मध्ये चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत धावू लागली, तेव्हा ही वाट सोपी झाली खरी. तरी पालघरहून फोर्टला जायचं म्हणजे सुमारे ९० किलोमीटर आणि एका बाजूला दोन तासांच्या वरचा प्रवास. जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याला तर त्याआधी घाट उतरून स्थानक गाठायचं असतं. एका तळटीपेसाठी सगळा दिवस घालवणं कुणाला परवडेल?

दूरच्या वाचकाला मदत करायची ही कल्पना जुनी आहे. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, त्यात खेड्यांकडे पेट्यांतून जाणारी फिरती ग्रंथालयंही होती. पण पुस्तक पाठवणं वेगळं आणि शोधायला मदत करणं वेगळं. या दुसऱ्या कामाचा पहिला ठळक आग्रह धरला सॅम्युअल ग्रीन यांनी. अमेरिकेतल्या वूस्टर या शहरातल्या सार्वजनिक ग्रंथालयाचे ते प्रमुख. वूस्टर हे कारखान्यांचं, कारागिरांचं गाव होतं. काम करताना अडलेला कारागीर नेमकी माहिती मागायला येतो, त्याला तालिकेकडे बोट दाखवून मोकळं होऊ नये, त्याच्याबरोबर बसून शोधावं, असं ग्रीन यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या निबंधात सांगितलं. कारखान्यांच्या गावात जन्मलेला हा विचार बोईसरला परका वाटायचं काही कारण नाही. आपल्याकडे शियाळी रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. संदर्भसेवेला ते ग्रंथालयाच्या कामाचा गाभाच मानत.

पुढचा प्रवास यंत्रांच्या मागोमाग झाला. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने १९६० च्या दशकात दूरध्वनीवर उत्तरं देणारा स्वतंत्र विभाग सुरू केला. १९८४ मध्ये बाल्टिमोरला मेरीलँड विद्यापीठाच्या आरोग्यविज्ञान ग्रंथालयाने ईमेलवर संदर्भप्रश्न घ्यायला सुरुवात केली. १९९५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या एका वर्गाने, प्राध्यापक जोसेफ जेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली, ‘इंटरनेट पब्लिक लायब्ररी’ उभी केली. तिला इमारत नव्हती, पण ग्रंथपालांकडे प्रश्न पाठवायची सोय होती. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चॅट आलं. २००० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने इतर ग्रंथालयांना सोबत घेऊन प्रश्न वाटून घेण्याचा प्रयोग केला आणि त्यातूनच २००२ मध्ये ओसीएलसी या संस्थेबरोबर ‘क्वेश्चनपॉइंट’ ही सेवा निघाली. एका ग्रंथालयातली माणसं घरी गेली की दुसऱ्या काळपट्ट्यातल्या ग्रंथालयाने चॅट सांभाळायचं, अशी तिची रचना. २०१९ मध्ये ती स्प्रिंगशेअर या कंपनीकडे गेली.

या चौकटीत नक्की घडतं काय, ते पालघरच्याच एका प्रश्नावरून बघू. १४ ऑगस्ट १९४२ रोजी, ‘चले जाव’ आंदोलनात, पालघरला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दर वर्षी त्या दिवशी गावात अभिवादन होतं. समजा, द्वितीय वर्ष कला शाखेतल्या एका विद्यार्थिनीने चॅटवर लिहिलं, “मॅडम, पालघर गोळीबार १९४२, माहिती पाहिजे.”

चांगला ग्रंथपाल इथे लगेच दुवा पाठवत नाही. तो विचारतो, “कशासाठी हवी आहे? भाषणासाठी, की इतिहासाच्या प्रकल्पासाठी?” प्रकल्पासाठी, असं उत्तर येतं. “आतापर्यंत काय वाचलंत?” दोन वर्तमानपत्री लेख. “तुम्हाला हुतात्म्यांचं चरित्र हवंय, की त्या दिवशी काय घडलं ते, की सरकारने त्याची दखल कशी घेतली ते?” थोडा वेळ पलीकडे शांतता. मग ती लिहिते, “खरं म्हणजे सरकारी कागदात काय लिहिलंय ते बघायचं होतं. आमच्या सरांनी सांगितलं, लोकांनी सांगितलेलं आणि कागदावरचं यांची तुलना कर.”

हा खरा प्रश्न. पहिल्या ओळीत तो नव्हताच.

आता वाट बदलते. हुतात्म्यांच्या नावांसाठी केंद्र सरकारच्या संस्कृती मंत्रालयाने आणि भारतीय इतिहास संशोधन परिषदेने काढलेला हुतात्म्यांचा कोश, त्याचा महाराष्ट्र, गुजरात आणि सिंधवरचा तिसरा खंड. सरकारी बाजूसाठी राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आणि त्यातले गृहखात्याच्या राजकीय शाखेकडे प्रांतांनी पाठवलेले पाक्षिक अहवाल. ‘पालघर’ टाकून ते मिळायचे नाहीत. प्रांत ‘बॉम्बे’, जिल्हा ‘ठाणा’ अशा जुन्या इंग्रजी वळणाने आणि ऑगस्ट १९४२ हा महिना लावून ते उघडायचे. जिल्हा पातळीवरची कागदपत्रं बघायची तर मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतलं महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागार, आणि तिथे जाण्याआधी महाविद्यालयाचं शिफारसपत्र घ्यावं हा सल्ला. वर्तमानपत्रांवर त्या काळात बातम्या छापण्याची बंधनं होती, म्हणून एखाद्या अंकात बातमी नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा काढू नये, हेही ग्रंथपालाने सांगायला हवं. एवढं सगळं पंधरा-वीस मिनिटांत टंकून होतं. संवादाची प्रत मुलीच्या ईमेलवर जाते.

या उलट-प्रश्नांना ग्रंथालयशास्त्रात संदर्भ मुलाखत म्हणतात. रॉबर्ट टेलर यांनी १९६८ मध्ये तिची जी मांडणी केली, ती आजही शिकवली जाते. माणसाच्या मनात आधी एक अस्पष्ट अस्वस्थता असते, मग तिला धूसर रूप येतं, मग तो ती वाक्यात मांडतो आणि शेवटी ग्रंथालयात मिळेल असं वाटेल त्या बेताने ते वाक्य कापून-छाटून विचारतो. ग्रंथपालासमोर येतो तो हा छाटलेला प्रश्न. मुलाखतीने उलट दिशेने जायचं असतं, छाटलेल्या वाक्याकडून मूळ अस्वस्थतेकडे. शोधयंत्राची अडचण इथेच आहे. ते छाटलेल्या प्रश्नाचं उत्तर फार वेगाने देतं, आणि तेवढ्यावर समाधान मानायची सवय लावतं.

चॅटवर ही मुलाखत घेणं समोरासमोर घेण्यापेक्षा अवघड आहे. चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. दोन मिनिटं उत्तर आलं नाही की वाचक समजतो, पलीकडचा उठून गेला. म्हणून “तालिका बघतोय, तीन मिनिटं थांबाल का?” अशी ओळ मधूनमधून टाकायचा सराव ग्रंथपालांना करावा लागतो. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या संदर्भविभागाने आपली वर्तनविषयक मार्गदर्शक तत्त्वं २००४ मध्ये सुधारली, ती याच कारणाने. १९९६ ची तत्त्वं टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसासाठी लिहिलेली होती, दूरच्या वाचकाला ती पुरत नव्हती.

चॅटचा एक फायदा मात्र टेबलाला नाही. कॉन्स्टन्स मेलन यांनी १९८६ मध्ये विद्यापीठाच्या सहा हजार विद्यार्थ्यांच्या लेखनावर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. ७५ ते ८५ टक्के मुलांनी ग्रंथालयातल्या आपल्या पहिल्या अनुभवाचं वर्णन भीतीच्या भाषेत केलं होतं. बाकी सगळ्यांना येतं, आपल्यालाच येत नाही, आणि विचारलं तर ते उघड होईल, अशी ती भीती. घरातून पहिल्यांदाच महाविद्यालयात आलेल्या तलासरीच्या किंवा विक्रमगडच्या मुलाला हे कुणी समजावून सांगायची गरज नाही. चॅटवर त्याला कुणी बघत नसतं. प्रश्न खोडून पुन्हा लिहिता येतो, मोडक्या इंग्रजीत किंवा रोमन अक्षरांतल्या मराठीतही विचारता येतो.

ग्रंथपालाचं उत्तर नेहमी बरोबर असतं असं मात्र नाही. पीटर हर्नन आणि चार्ल्स मॅक्लुअर यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओळख न देता ग्रंथालयांत प्रश्न विचारून पाहिले, तेव्हा अचूक उत्तरं सुमारे ५५ टक्केच निघाली. त्या आकड्याने अमेरिकेत मोठा वाद झाला आणि प्रशिक्षणाकडे लक्ष गेलं. चॅटमुळे एक गोष्ट सोपी झाली: संवाद लिखित स्वरूपात उरतो, नावं काढून तो तपासता येतो, कुठे चुकलं ते सहकाऱ्यांना दाखवता येतं.

लिखित उरण्याचा सर्वांत सुंदर उपयोग जपानने केला आहे. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने, म्हणजे नॅशनल डायट लायब्ररीने, देशभरच्या ग्रंथालयांना विचारलेले प्रश्न आणि शोधाची वाट यांचा सामाईक संग्रह २००५ पासून नियमित चालवला आहे. गावोगावची ग्रंथालयं त्यात भर घालतात आणि कुणालाही तो वाचता येतो. फुकुई प्रांताच्या ग्रंथालयाने तर वाचकांनी चुकीच्या आठवलेल्या पुस्तकनावांची यादी प्रसिद्ध केली, आणि २०२१ मध्ये त्याचंच पुस्तक निघालं. ‘दहा लाख वेळा जगलेलं मांजर’ हे तिथलं प्रसिद्ध चित्रपुस्तक कुणी ‘दहा लाख वेळा मेलेलं मांजर’ म्हणून मागितलं होतं, तेच या पुस्तकाचं नाव झालं. वाचकाची चूक ही ग्रंथपालासाठी उपयोगी माहिती असते, हे त्यांनी प्रेमाने दाखवून दिलं.

मराठी वाचकालाही परदेशी ग्रंथालयाच्या या चौकटीत हक्काने जाता येतं, ही गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. लायब्ररी ऑफ काँग्रेसची प्रश्नसेवा जगात कुणालाही खुली आहे. आणि तिथे मराठी काय असणार, असं वाटत असेल तर १९६२ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी लायब्ररीने दिल्लीत कार्यालय उघडलं. पीएल-४८० कराराखाली भारताला विकलेल्या अमेरिकन गव्हाचे रुपये इथेच साठले होते. त्यांतून भारतीय भाषांतली पुस्तकं विकत घेऊन लायब्ररीत आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांत पाठवली जाऊ लागली, आणि मराठी पुस्तकंही त्या वाटेने गेली. शिकागो विद्यापीठात मॉरीन पॅटरसन या ग्रंथसूचीकार होत्या. त्यांचा स्वतःचा अभ्यास महाराष्ट्राचा होता आणि १९८१ मध्ये त्यांनी दक्षिण आशियाची प्रचंड ग्रंथसूची प्रसिद्ध केली. इथे न मिळणारं जुनं मराठी पुस्तक तिथल्या कपाटात सुखरूप असू शकतं.

तिथेही नावाची गाठ सोडवावी लागते. पालघरचं महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, ते सोनोपंत दांडेकर मूळचे केळवे-माहीमचे. त्यांनी संपादित केलेली सार्थ ज्ञानेश्वरी वारकऱ्यांच्या घराघरांत आहे. अमेरिकन तालिकेत ती शोधायला गेलेला मराठी माणूस सवयीने ‘डी’पासून सुरुवात करतो. तिथलं लिप्यंतर संस्कृत वळणाचं, त्यामुळे नोंद ‘जे’खाली आहे, आणि दांडेकरांचं पहिलं नाव ‘सोनोपंत’ ऐवजी ‘शंकर वामन’ असं बघावं लागतं. चॅटवरचा ग्रंथपाल हे अर्ध्या मिनिटात सांगतो.

अणुऊर्जेबद्दलही हाच अनुभव. तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये वीज देऊ लागलं, देशातलं ते पहिलं. त्याच्या दोन जुन्या अणुभट्ट्या उकळत्या पाण्याच्या तंत्राच्या. तिसरी आणि चौथी प्रत्येकी ५४० मेगावॉटची, जड पाण्याच्या तंत्राची, २००५-०६ च्या सुमाराची. त्यावरचे तांत्रिक निबंध गुगलच्या पहिल्या पानावर सहसा येत नाहीत. ते आहेत ‘इनिस’मध्ये, म्हणजे व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९७० मध्ये सुरू केलेल्या माहितीसंग्रहात. भारताकडून त्यात नोंदी पाठवायचं काम भाभा अणुसंशोधन केंद्र करतं, आणि २००९ पासून हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे. अणुकेंद्राच्या सावलीत वाढलेल्या किती मुलांना तो कुणी उघडून दाखवला असेल?

प्रश्न शेवटी माणसांवर येऊन थांबतो. सामग्री भरपूर आली आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही योजना २०१० पासून महाविद्यालयांना हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं देते. त्याच केंद्राच्या ‘शोधगंगा’वर पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं त्यातून सरकारी शिक्षणसंस्थांना आणि केंद्रीय संशोधनसंस्थांना मिळतात. एवढा पैसा वर्गणीवर जात असताना, ‘यातलं मला काय आणि कसं उपयोगी पडेल’ हे सांगणाऱ्या माणसावर जवळपास काहीच जात नाही, हे अस्वस्थ करणारं आहे. ग्रामीण महाविद्यालयात ग्रंथपाल बहुधा एकटाच असतो. पुस्तकांची देवघेव, नॅकची कागदपत्रं, परीक्षेची ड्युटी आणि ग्रंथालयाची खरेदी सांभाळून तो चॅटवर कधी बसणार? मोठ्या संस्थांच्या संकेतस्थळांवर ‘ग्रंथपालांना विचारा’ हा दुवा दिसतो, पण तो बहुतेकदा ईमेलचा पत्ता असतो. टाळेबंदीत अनेक महाविद्यालयीन ग्रंथपालांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मुलांना मदत केली. ती त्यांची व्यक्तिगत तळमळ होती, आणि व्यक्तिगत तळमळीवर सेवा उभी राहत नाही.

याच अडचणीवर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात उपाय निघाला होता. ड्यूक, नॉर्थ कॅरोलायना आणि नॉर्थ कॅरोलायना स्टेट या शेजारच्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना रात्रीचं चॅट चालवायचं होतं, एकेकट्याला ते झेपणारं नव्हतं. त्यांनी पाळ्या वाटून घेतल्या, आणि अनेक ग्रंथपालांना एकाच चौकटीमागे बसता यावं म्हणून ‘लायब्ररी-हेल्प’ हे सॉफ्टवेअर तिथेच तयार झालं. पुढे ते जगभर गेलं. वसई, विरार, पालघर, बोईसर, डहाणू, वाडा, जव्हार इथल्या महाविद्यालयांनी आठवड्यातला एकेक तास वाटून घेतला, तर जिल्ह्याची सामाईक चॅटसेवा संध्याकाळी रोज चालू शकेल. अडलेला प्रश्न पुढे पाठवायला जुन्या संस्था आहेतच. १८९३ मध्ये स्थापन झालेलं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ चं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि त्याचा नायगावचा संदर्भ विभाग आहे, एशियाटिक सोसायटी आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी पुस्तकांची सूची ज्या चिकाटीने केली, ती या ग्रंथालयांत हाताशी असते. आणि जपानसारखं उत्तरांचं संकलन केलं, तर माहीम तालुक्याचा, मांगेला परिषदेच्या खटल्याचा, आठ तालुक्यांच्या बेरजेचा शोध दर वर्षी नव्याने घ्यावा लागणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटने हे काम होईल, असं आता पुष्कळांना वाटतं. सर्वसाधारण विषयाची तोंडओळख करून घ्यायला तो चांगला आहे. पण २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, कधी न झालेले खटले आधार म्हणून दाखल केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. संदर्भ बेमालूम रचता येतात, हा धोका छोट्या गावांच्या बाबतीत अधिक गंभीर आहे. ज्या विषयावर मुळात थोडं लिहिलं गेलंय तिथे यंत्राकडे आधार कमी, आणि चूक पकडणारे वाचकही कमी. के. जे. सावे यांचं वारल्यांवरचं पुस्तक १९४५ चं. ते कुठल्या ग्रंथालयात आहे, हे सांगताना ग्रंथपाल तालिकेतली नोंद उघडून दाखवतो. मिळालं नाही तर मिळालं नाही असं सांगतो. संशोधनात हे ‘नाही’सुद्धा टिपून ठेवण्यासारखं असतं.

सामाईक सेवा उभी राहीपर्यंत बोईसरच्या विद्यार्थ्याला काय करता येईल? पहिली पायरी आपल्याच महाविद्यालयाचा ग्रंथपाल, कारण एन-लिस्टचा प्रवेश त्याच्याकडूनच मिळतो. पुढे लायब्ररी ऑफ काँग्रेसचा प्रश्नअर्ज. त्याला उत्तर साधारण कामाच्या पाच दिवसांत येतं. थेट चॅट ठरावीक वेळीच असतं आणि तिथली दुपार म्हणजे आपली रात्र, हे लक्षात ठेवायचं. प्रश्न लिहिताना माहिती कशासाठी हवी, आतापर्यंत काय पाहिलं, कोणत्या तारखेपर्यंत हवी आणि मराठी-इंग्रजीपैकी कोणत्या भाषेतलं चालेल, एवढं आधीच सांगितलं की निम्मी मुलाखत तिथेच होते. गावाचं नाव लिहिताना जुना तालुका आणि जुना जिल्हाही लिहावा. आजाराचं निदान किंवा कायद्याचा सल्ला ग्रंथपाल देणार नाही, त्या विषयावरचं विश्वासार्ह वाचन मात्र शोधून देईल. संवाद संपताना त्याची प्रत ईमेलवर मागून घ्यावी. पुढच्या वेळी दुसरा ग्रंथपाल समोर आला, तर ती प्रत दाखवून शोध तिथूनच पुढे नेता येतो.